मोडलंय नेमकं काय? आमच्या लॅपटॉपच्या स्क्रीनची गोष्ट



घरात एखादी वस्तू मोडली की पहिला प्रश्न येतो, "कोणी मोडली?" लगेच दुसरा, "आता नवीन कितीला पडेल?" या दोन प्रश्नांत घरातली निम्मी शांतता जाते. खरं तर "मोडलंय नेमकं काय?" हे आधी विचारायला हवं, पण त्याची पाळी शेवटी येते, आणि कधी कधी येतच नाही. मिक्सरचं भांडं गळायला लागलं म्हणून आख्खा मिक्सर बदललेली घरं मी पाहिली आहेत. गळत होता तो खालचा रबरी वायसर, पन्नास रुपयांचा.

मागच्या डिसेंबरात आमच्या घरी लॅपटॉपची स्क्रीन फुटली. त्या आठवड्यात जे शिकायला मिळालं ते आज लिहिते आहे. यात पिना आहेत, स्क्रू आहेत आणि थोडी घरातली भांडणंही आहेत. लॅपटॉप म्हटलं की "ते मुलांचं काम" म्हणून आपण बाजूला होतो. पण कुकरची रिंग बदलणाऱ्या बाईला हे समजायला अवघड नाही, एवढं मी खात्रीनं सांगते.

माझी धाकटी लेक घरूनच हिशेबाचं काम करते. गावातल्या सहा-सात दुकानदारांचे जीएसटीचे कागद तिच्याकडे असतात. तिचा लॅपटॉप पाच वर्षांचा, शिकत असताना घेतलेला. दुपारी तिचं काम आटोपलं की तोच लॅपटॉप आमच्या सासूबाईंकडे जातो. घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, नातवंडांची मात्र ती आज्जी. वय ऐंशीच्या घरात. मोबाइलच्या एवढ्याशा काचेत त्यांना महाराजांचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून लेकीनं त्यांना लॅपटॉपवर प्रवचन लावून द्यायची सवय लावली. हातात स्फटिकाची माळ, समोर प्रवचन, असा अक्कांचा दुपारचा तास-दीड तास जातो.

डिसेंबरात दिवस लहान. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अक्कांचं जेवण त्याच्या आत व्हायला हवं. त्या दिवशी, १३ तारखेला, प्रवचन लांबलं. बाहेर ऊन उतरलेलं दिसलं तशा अक्का गडबडीनं उठल्या. माळ कीबोर्डवर ठेवली आणि पेटीचं झाकण लावतात तसं दोन्ही हातांनी लॅपटॉपचं झाकण दाबून लावलं. १०८ मणी, तेही स्फटिकाचे. झाकण आणि कीबोर्ड यांच्यामध्ये जागा असते जेमतेम. पापड मोडल्यासारखा बारीक आवाज झाला म्हणे.

सातला लेकीनं लॅपटॉप उघडला. उजव्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग, त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा आणि उरलेल्या भागात हिरव्या-जांभळ्या उभ्या पट्ट्या. दर महिन्याच्या २० तारखेच्या आत ३बी नावाचं विवरणपत्र भरावं लागतं. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये दंड, शिवाय कर थकला तर त्यावर व्याज. दंडाच्या रकमेपेक्षा ज्या दुकानदारानं विश्वासानं काम दिलं त्याला काय सांगायचं, हा प्रश्न मोठा. हातात सात दिवस. पोरीचा तोल गेला.

"आज्जी, किती वेळा सांगितलंय तुला, वर काही ठेवून झाकण लावू नको म्हणून! आता माझ्या वस्तूंना हातच लावू नको."

अक्का एवढंच म्हणाल्या, "माळ आतच राहिली की गं." माळ उचलून त्यांनी डबीत ठेवली आणि आपल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जपाला बसल्या त्या भिंतीकडे तोंड करून. प्रवचनाचं नाव काढलं नाही.

काच तर फुटलीच होती. पण घरात त्याहून नाजूक काहीतरी तडकलं आहे, हे मला दिसत होतं.

रात्री मी लेकीला म्हटलं, "कोणी मोडलं ते कळलं. आता मोडलंय काय, ते बघ." ती आधी चिडली, मग उठली. टीव्हीला सेट टॉप बॉक्सची जी जाडसर वायर असते, एचडीएमआयची, ती तिनं काढून लॅपटॉपला लावली. लॅपटॉप सुरू केला आणि टीव्हीवर सगळं स्वच्छ दिसलं! फाइली जागेवर, काम जागेवर.

मैत्रिणींनो, ही युक्ती लक्षात ठेवा. बाहेरच्या पडद्यावर चित्र नीट आलं, तर लॅपटॉपचं डोकं शाबूत आहे आणि बिघाड स्क्रीनचा किंवा तिच्या वायरीचा आहे. तिथंही डाग आणि पट्ट्या दिसल्या, तर दुखणं आत खोलवर आहे. काच न फुटता स्क्रीन नुसती काळी झाली असेल, तर अंधारात तिच्यावर टॉर्च तिरका धरायचा. पुसटसं चित्र दिसलं तर चित्र तयार होतंय, फक्त त्याच्या मागचा दिवा लागत नाही. एवढ्या दोन गोष्टी घरी पाहून दुकानात गेलं, तर समोरचा माणूसही आपल्याशी जपून बोलतो.

पुढचे चार दिवस आमचा हॉल म्हणजे हिशेबाचं ऑफिस झालं. टीव्हीवर मालिकेच्या जागी खरेदी-विक्रीचे तक्ते. त्यातही एक पेच आला. शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात आल्या की लेक धावत जाऊन टीव्ही बंद करायची. दुसऱ्याच्या दुकानाची उलाढाल आपल्या हॉलमध्ये कोणी वाचावी, हे तिला पटेना. मला तिचं फार बरं वाटलं. विश्वासानं दिलेला कागद झाकून ठेवणं हेही एक व्रतच आहे. पण असं महिनाभर चालणार नव्हतं.

१५ तारखेला ती कंपनीच्या अधिकृत केंद्रात जाऊन आली. तिथं स्क्रीन, मजुरी आणि कर धरून १२,५०० रुपये सांगितले, वर दहा-बारा दिवस. हमी कधीच संपलेली, आणि असती तरी उपयोग नव्हता. पडणं, फुटणं, पाणी सांडणं हे नेहमीच्या हमीत बसत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण आधीच विकत घ्यावं लागतं. बाजारपेठेतल्या एका दुकानात ५,५०० सांगितले. "ओरिजिनल मिळणार नाही, कंपॅटिबल टाकून देतो," असं दुकानदार म्हणाला. हा 'कंपॅटिबल' शब्द ऐकून हे म्हणाले, "डुप्लिकेट कशाला घालायचं? पाच वर्षं झालीत, नवीनच घेऊन टाकू."

इथं मी थोडी अडले. नवीन लॅपटॉप म्हणजे चाळीस-पन्नास हजार. पण प्रश्न एकट्या पैशाचा नाही. आपल्या श्रावकांच्या अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे. आपण ते कपडे, दागिने, जागा यांना लावतो. यंत्रांना का लावू नये? ज्या वस्तूचं शंभरातलं नव्वद भाग काम नीट चालतं, ती टाकून दुसरी आणली, तर घरात एक वस्तू वाढते आणि अडगळीत एक वस्तू वाढते. दोन्हीकडे परिग्रहच. गरज असेल तर नवीन घ्यावं, त्यात पाप नाही. पण गरज आहे का, हे ठरवायच्या आधी मोडलंय काय ते कळायला हवं. यांनाही ते पटलं. "बघा मग," म्हणाले.

आता 'कंपॅटिबल' म्हणजे काय ते सांगते, कारण या शब्दाला मीही आधी बिचकत होते.

लॅपटॉपच्या झाकणावर ज्या कंपनीचं नाव असतं, ती कंपनी सहसा स्क्रीन स्वतः बनवत नाही. स्क्रीनचा जो आख्खा पत्रा असतो, त्याला पॅनेल म्हणतात. हे पॅनेल बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत: कोरियाची एलजी डिस्प्ले, चीनची बीओई, तैवानच्या एयूओ आणि इनोलक्स, अशी काही नावं. एकाच कारखान्याचं पॅनेल चार वेगळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बसलेलं असतं. उलटही होतं. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या कारखान्यांची पॅनेलं निघतात. म्हणून लॅपटॉपचं मॉडेल सांगून स्क्रीन मागवणं धोक्याचं. पाच लिटरचा कुकर म्हणून रिंग मागितली आणि घरी आल्यावर ती बसलीच नाही, असं आपल्यापैकी प्रत्येकीचं झालेलं आहे. तेव्हा आपण काय करतो? जुनी रिंगच हातात घेऊन दुकानात जातो. इथंही तेच करायचं.

पॅनेल म्हणजे काचेचे दोन अगदी पातळ थर, त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचा थर आणि मागे उजेड पसरवणारे पडदे. उजेड येतो तो बहुतेक वेळा खालच्या कडेला बसवलेल्या एलईडी दिव्यांच्या पट्टीतून. काच तडकली की तो काळा डाग पडतो आणि तो पुसता किंवा चिकटवता येत नाही. पॅनेल आख्खंच बदलावं लागतं. पण बदलायचं ते फक्त पॅनेल. झाकण, बिजागरी, कॅमेरा, कीबोर्ड सगळं जुनंच राहतं.

जुन्या पॅनेलची ओळख त्याच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर असते. ती पाहायला समोरची प्लास्टिकची चौकट काढावी लागते. लेकीनं १५ च्या रात्री ती काढली आणि चिकटपट्टीचा मोबाइलवर फोटो घेतला. बारकोडजवळ अक्षर-आकड्यांचं एक लांबलचक नाव होतं, त्यात १५६ हा आकडा. १५६ म्हणजे १५.६ इंच. ते नाव मिळालं की अर्धं काम झालं. नेमकं तेच पॅनेल मिळालं तर प्रश्नच नाही. नाही मिळालं, तर त्याच्या जागी चालणारं दुसरं घेताना पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत.

पहिली, आकार. दुसरी, चित्रातल्या ठिपक्यांची संख्या. आमची १३६६ बाय ७६८ होती, बऱ्याच लॅपटॉपची १९२० बाय १०८० असते. तिसरी, मागे वायर जिथं खोचली जाते तिथल्या पिना. अलीकडच्या साध्या पॅनेलला ३० पिना असतात, जुन्यांना आणि काही खास प्रकारांना ४०. ४० मध्येही जात वेगळी असते. जुन्या पद्धतीचं ४० आणि नव्या पद्धतीचं ४० एकमेकांना चालत नाही. चौथी, ती पिनांची जागा कुठल्या कोपऱ्यात आहे, कारण वायर मोजून मापून तेवढीच असते. पाचवी, पॅनेल बसवायचे कान. काही पॅनेलला वर-खाली पत्र्याचे कान असतात आणि त्यातून स्क्रू जातात. काहींना कानच नसतात, ती मागून चिकटपट्टीनं बसवलेली असतात. स्पर्शानं चालणारी स्क्रीन असेल तर ती जात आणखी वेगळी. तिथं दुकानदाराला तसं स्पष्ट सांगायचं.

कारखान्याचं नाव वेगळं असलं तरी ही पाचही जुळली, तर ते पॅनेल आपल्या लॅपटॉपला चालण्याची शक्यता चांगली. कंपॅटिबल म्हणजे हेच. सून दुसऱ्या घरातून येते तरी घर चालवते ना, तसं. पण 'कंपॅटिबल' आणि 'जुनं पुसून दिलेलं' यांत फरक आहे. काही ठिकाणी वापरलेलं पॅनेल नवं म्हणून देतात. म्हणून हमी किती दिवसांची ते आधी विचारायचं, ते बिलावर लिहून घ्यायचं आणि पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करायचं. काच वाटेतच फुटलेली निघाली, तर तेवढाच पुरावा.

माझा भाचा पुण्यात शिकतो. लेकीनं त्याला फोटो पाठवला. तो तपकीर गल्लीत आणि आजूबाजूला हिंडला. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी ती गल्ली पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. त्याचा फोन आला, "ताई, पाचही गोष्टी जुळणारं ३,४०० ला मिळतंय. पण आणखी हजार-बाराशे घातले तर फुल एचडी मिळतंय, चित्र एकदम झकास. घेऊ का?"

पोरीचे डोळे चमकले. हा लोभ मोठा गोड असतो बघा. मिनिटभरापूर्वी काम चालावं एवढीच इच्छा होती. ती पुरी होईल असं दिसलं तशी दुसरी उगवली. पण तिनं आधी चौकशी केली, आणि बरं झालं. जास्त ठिपक्यांच्या चित्राला माहितीही जास्त लागते. साध्या पॅनेलला ती एका पदरानं जाते, फुल एचडीला दोन पदर लागतात. टोकाला पिना तीसच दिसल्या तरी जुन्या वायरीत एकच पदर ओढलेला असू शकतो. मग पॅनेलबरोबर वायरही बदलावी लागते, आणि ती त्या मॉडेलची मिळायला हवी. २० तारीख तोंडावर आलेली. लेक म्हणाली, "आहे तसंच पाठव दादा." भाच्यानं पॅनेल पुठ्ठा आणि थर्माकोलमध्ये बांधून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवलं. १५० रुपये भाडं.

१७ तारखेला पार्सल आलं. त्याच संध्याकाळी अक्का लेकीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात रुमालाची गाठ. सोडली तर पाच हजार रुपये, पेन्शनमधले. म्हणाल्या, "एवढे घे. कमी पडले तर पुढच्या महिन्यात देते."

लेक काही बोलली नाही. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. मला वाटलं, आता ही "राहू दे आज्जी" म्हणेल आणि विषय मिटेल. पण तसं म्हटलं असतं तर अक्कांना ते लागलं असतं. आपली भरपाईसुद्धा कोणी घेत नाही, असं वाटलं असतं. लेकीनं गाठीतले हजार रुपये घेतले आणि बाकीचे परत बांधून दिले. मग म्हणाली, "आज्जी, हजार पुरे. माळ तू ठेवलीस, पण लॅपटॉप पलंगावर उघडा ठेवून मी गेले होते. आणि त्या दिवशी मी तुला जे बोलले ते चुकलं. मला क्षमा कर. उद्या सकाळी हे बसवायचंय, मला तुझे हात पाहिजेत."

अक्का म्हणाल्या, "माझ्या हातानंच तर मोडलं."

"म्हणूनच," लेक म्हणाली.

आपल्याकडे क्षमा मागायचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी आपण सगळ्यांना हात जोडतो, ओळखीच्यांना आणि अनोळखींनाही. पण ज्याला बोललो त्यालाच, ज्या शब्दांनी बोललो ते आठवून, चार दिवसांच्या आत क्षमा मागणं फार अवघड. ते मी त्या दारात पाहिलं.

१८ च्या सकाळी देवदर्शन करून अक्का बस्तीतून आल्या आणि कामाला सुरुवात झाली. जेवणाच्या टेबलावर सुती चादर चार पदरी घातली. थंडी होती, पण लेकीनं अक्कांना लोकरीची शाल काढून ठेवायला सांगितली. लोकरीनं आणि सिंथेटिक कापडानं अंगात जी बारीक वीज साठते, ती आतल्या नाजूक भागांना बाधते. आधी धातूच्या नळाला हात लावून मगच कामाला हात घालायचा.

लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला. मग पालथा घालून खालचं झाकण काढलं आणि बॅटरीची वायर सोडवली. ही पायरी काही लोक गाळतात. गाळू नये. बॅटरी जोडलेली असताना स्क्रीनची वायर काढली किंवा खोचली, तर नवं पॅनेल किंवा आतली पाटी जळू शकते.

स्क्रू निघायला लागले तसा प्रश्न आला, ठेवायचे कुठं? काही लांब, काही आखूड, काही चपट्या डोक्याचे. लांब स्क्रू आखूडच्या जागी लावला तर तो आतून बोचतो. अक्का उठल्या आणि मसाल्याच्या डब्यातल्या सात वाट्या पुसून घेऊन आल्या. खालच्या झाकणाचे लांब स्क्रू हळदीच्या वाटीत, आखूड जिऱ्याच्या, चौकटीचे दोन मोहरीच्या, पॅनेलचे चार मेथीच्या. त्यांची नजर अधू झाली आहे, पण आयुष्यभर तांदूळ निवडलेली बोटं आहेत. न बघता त्या लांब-आखूड ओळखत होत्या. एक स्क्रू चादरीच्या घडीत पडला, तोही त्यांनाच सापडला.

चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या होत्या, त्यांच्याखाली स्क्रू. ते काढून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं चौकट हळूहळू उकलली. टक टक आवाज येतो, तो खाचा सुटण्याचा. घाबरायचं नाही, पण पत्र्याच्या स्क्रूड्रायव्हरनं उचकटायचंही नाही. पॅनेलचे चार स्क्रू काढून ते कीबोर्डवर पालथं झोपवलं. मागे वायरीच्या टोकावर पारदर्शक चिकटपट्टी होती. ती सोलून, पत्र्याची बारीक कडी उचलून, वायर सरळ मागे ओढली. वर नाही ओढायची, मागे.

नवं पॅनेल खोचलं, बॅटरी जोडली आणि स्क्रू न लावताच लॅपटॉप सुरू केला. आधी तपासायचं, मगच बंद करायचं. स्क्रीन काळीच राहिली. लेकीचा चेहरा उतरला. अक्का म्हणाल्या, "घाई झाली असंल. परत एकदा कर, सावकाश." पुन्हा बॅटरी सोडवली. वायर काढून पाहिली तर एका बाजूला केसाएवढी तिरकी बसली होती. सरळ करून खोचली, चिकटपट्टी दाबली, बॅटरी जोडली. आणि उजेड आला!

लेकीनं पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे रंग आख्ख्या स्क्रीनवर आणून पाहिले. एखादा ठिपका कायमचा काळा किंवा कायमचा पेटलेला असेल, तर तो अशा वेळी दिसतो. एकही नव्हता. मग मेथीची वाटी, मोहरीची वाटी, जिरं, हळद अशा उलट्या क्रमानं स्क्रू परत गेले. सगळ्या वाट्या रिकाम्या झाल्या तेव्हा अक्कांनी त्या उलट्या करून दाखवल्या, "बघ, काही उरलं नाही." सव्वा तास लागला. १९ च्या रात्रीपर्यंत सगळी विवरणपत्रं भरून झाली.

एक मात्र सांगते. प्रत्येक लॅपटॉप असा उघडत नाही. काहींची काच चौकटीला चिकटवलेली असते, ती गरम करून सोडवावी लागते. काहींचं झाकण आख्खंच बदलावं लागतं. बॅटरी फुगलेली दिसली तर हात न लावता जाणकाराकडे न्यावं. आपल्याला जमणार नसेल तर दुकानात द्यावं, त्यात कमीपणा नाही. फक्त चिकटपट्टीचा फोटो आपल्याकडे असू द्यावा आणि नवं पॅनेल बसवायच्या आधी आपल्याला दाखवा म्हणावं. आणि देण्याआधी कामाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी. टीव्हीला जोडून ते करता येतं, हे आता तुम्हाला माहीतच आहे.

वस्तू दुरुस्त करता येणं हा ग्राहकाचा हक्क आहे, हा विचार आता आपल्याकडेही रुजतो आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि हमीच्या अटी ग्राहकांपर्यंत पोचवाव्यात, हा त्यामागचा हेतू. आपल्या आज्यांना असा हक्क कोणी लिहून द्यावा लागला नाही. कल्हईवाला, चाकूला धार लावणारा आणि छत्री दुरुस्त करणारा दारावर येत होते. आता ते येत नाहीत, म्हणून लिहून घ्यावा लागतो आहे.

फुटलेलं पॅनेल आम्ही भंगारात टाकलं नाही. त्यातली काच बारीक होऊन कचरा वेचणाऱ्याच्या हातात जाते. फार जुन्या लॅपटॉपमध्ये तर दिव्याच्या नळीत पारा असायचा, त्यामुळे त्या स्क्रीन कधीच फोडू नयेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि असा कचरा नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच पोचायला हवा. आमचं पॅनेल जाड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर 'काच' असं लिहून, जुने सेल आणि चार्जर ठेवतो त्या खोक्यात ठेवलं आहे. खोकं भरलं की एकदमच देऊ. अहिंसा पाणी गाळण्यापुरती नसते; आपला कचरा कोणाच्या बोटाला लागेल, हेही तिच्यात येतं.

एकूण खर्च ३,५५०. अक्कांचे हजार त्यात आहेत, आणि लेकीनं ते वहीत 'आज्जीकडून जमा' असं रीतसर लिहिलं आहे. हिशेब करणारी आहे शेवटी!

अक्कांनी आता स्वतःचा एक नियम केला आहे. झाकण लावायच्या आधी कीबोर्डवरून एकदा तळहात फिरवायचा. पोथी मिटताना पानात काही राहिलं नाही ना, असं पाहतात तसा. तुमच्या घरात लॅपटॉप असेल तर एवढं नक्की करा. चश्मा, पेन, इअरफोन, केसांची पिन, एवढ्याशानं काच जाते.

आणि तरीही गेलीच, तर कोणावर ओरडायच्या आधी टीव्हीची वायर काढून लावून पाहा.